उमरेडची छोटी लाईन, मुक्काम प्रताप नगर

मी छोटी लाईन बोलतेय. इतवारी ते उमरेड, मुक्काम प्रताप नगर, नागपूर.

पत्ता ऐकून हसू नका. खरी छोटी लाईन, म्हणजे अडीच फुटी रुळांवरून इतवारीहून निघून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी, ती काही वर्षांपूर्वी बंद झाली. मोठ्या रुळांसाठी तिचे रूळ उखडले गेले. मी तिची धाकटी बहीण म्हणा हवं तर. नानाजी बारापात्रे यांच्या घराच्या गच्चीवर सिमेंटच्या पत्र्यांची एक खोली आहे. त्या खोलीत चौदा फूट लांब आणि सहा फूट रुंद फळीवर मी पसरलेली आहे. एका टोकाला इतवारी, दुसऱ्या टोकाला उमरेड, मधे कुही, दोन पूल, काही फाटकं, एक नाला आणि नाल्यात पाय सोडून बसलेल्या तीन म्हशी. खऱ्या गाडीला दोन-अडीच तास लागायचे. माझ्यावर ती चार मिनिटांत पोचते, आणि तीही नानाजींनी बटण हळू फिरवलं तर.

माझा जन्म नानाजींच्या निवृत्तीतून झाला. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी सदतीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढली. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते घरी आले. पुढच्या सोमवारी पहाटे पाचला उठून, आंघोळ करून, बूट घालून दारात उभे राहिले आणि डबा मागू लागले. त्यांच्या पत्नी रुख्माबाई म्हणाल्या, "कुठी चालले? तुमची ड्युटी सरली ना आता." नानाजी तसेच बूट घालून दिवसभर खुर्चीत बसून राहिले. हे मला रुख्माबाईंच्याच तोंडून कळलं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या ते सांगतात.

चौथ्या दिवशी ते सदर बाजारात गेले. तिथल्या एका जुन्या दुकानात कुणीतरी विकायला ठेवलेला रेल्वेचा संच होता. थोडे रूळ, एक इंजिन, दोन डबे. तो पोत्यात घालून ते घरी आले.

"या वयात खेळणं?" रुख्माबाईंनी विचारलं.

"खेळणं नाही वं. उमरेडची गाडी आहे ही."

इंजिन परदेशी होतं. नानाजींनी त्याचं कवच काढलं आणि डालड्याच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून त्याला आपल्या लहानपणच्या इंजिनाचं रूप दिलं. माझ्या रुळांखालची खडी म्हणजे उमरेडच्या खाणीचा खरा कोळसा आहे, बारीक कुटून चाळलेला. त्या दिवसापासून रुख्माबाईंची चहाची गाळणी सापडलेली नाही. माझं गवत म्हणजे हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा. घरं लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची. कुहीच्या स्टेशनमास्तरच्या खोलीत वाकून पाहिलंत तर आतल्या भिंतीवर अजून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वाचता येतं.

नऊ वर्षं हे चाललं. एक नियम मात्र नानाजींनी कधी मोडला नाही. जे तिथे नव्हतं ते माझ्यावर ठेवायचं नाही. एकदा शेजारच्या गल्लीतल्या मेघा मॅडमनी, त्या शाळेत शिकवतात, हौसेने एक इवलंसं देऊळ आणून दिलं. नानाजींनी ते हात जोडून परत केलं. "मॅडम, त्या ठिकाणी देऊळ नव्हतं. बोरीचं झाड होतं."

उमरेड स्टेशनच्या मागे एक मातीचं घर आहे. नानाजींनी सगळ्यात जास्त वेळ घेतला तो या घराला. छप्पर अर्धं उघडं ठेवलंय, म्हणजे आत पाहता यावं. आत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर आगपेटीच्या काड्यांचा माग. मागावर खरा रेशमाचा धागा ताणलेला. तो माणूस म्हणजे नानाजींचे वडील रामाजी, हातमागावरचे विणकर. दारात पाटी घेऊन बसलेलं पोर म्हणजे नानाजी स्वतः. मागाच्या डाव्या हाताला कांड्या भरायचा रहाट. कांडी म्हणजे धोट्यात, ताण्यातून इकडून तिकडे फेकतात त्या लाकडी होडीत, बसवायची सुताची गुंडाळी. ती भरली नाही तर माग चालत नाही. रहाट आहे, सुताची टोपली आहे. रहाटावर बसलेलं मात्र कुणी नाही.

नानाजींचं कामाचं टेबल माझ्या कडेलाच आहे, त्यामुळे मला माहीत होतं. रहाटाजवळ बसलेली मुलगी त्यांनी चार वेळा कोरली होती. चारही वेळा रंग वाळेपर्यंत तिच्याकडे पाहिलं आणि खालच्या खणात ठेवून दिली. मला वाटायचं, तिचं नाक जमत नसेल.

माझ्याकडे माणसं यायची, खास करून रविवारी. एव्हाना मला माणसांच्या सवयी कळल्यात. पुरुष आधी इंजिनाचा वेग विचारतात. लहान मुलांना गाडी पडलेली पाहायची असते. बाया घरांच्या खिडक्यांतून आत पाहतात, कोण काय करतंय ते. आणि आजकाल बरेच जण मला पाहतच नाहीत. मोबाईल माझ्यावर धरतात आणि मोबाईलमध्ये पाहतात. मग नानाजी मातीच्या घरावर बोट ठेवून सांगायचे, "हे माहे बाबा. धोटा फेकू फेकू हात झिजले त्यायचे, पण मले शिकवलं." लोक मान हलवायचे. कुणाकुणाचे डोळे ओले व्हायचे.

अशातच मागच्या हिवाळ्यात पार्वतीबाई आल्या.

पार्वतीबाई म्हणजे नानाजींच्या थोरल्या बहीण. वय चौऱ्याहत्तर. नानाजी त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. त्या उमरेडलाच असतात, मुलगा भूपेश खाणीत कामाला आहे त्याच्याकडे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. तो काढायला त्या नागपूरला भावाकडे आल्या. याआधीही त्या या घरी येऊन गेल्या होत्या, पण माझ्यापर्यंत कधी आल्या नव्हत्या. गुडघे दुखायचे आणि दिसायचंही नाही. खालूनच म्हणायच्या, "तुहं ते लोखंड मले काय दिसन, नाना?"

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली, काळा चष्मा आला. दिवसातून सहा वेळा डोळ्यात औषध टाकायचं होतं. रुख्माबाईंचा हात थरथरतो म्हणून ते काम नानाजींकडे आलं. नागपूरचं थंडीतलं ऊन गच्चीवर छान पडतं. पार्वतीबाई सकाळी एकदाच्या कशाबशा पायऱ्या चढून यायच्या आणि दिवसभर माझ्या दारासमोर खाटेवर बसायच्या. औषधाच्या वेळी मान मागे टाकायच्या, आणि नानाजी एक थेंब टाकून म्हणायचे, "मिट आता. उघडू नोको." लहानपणी हे उलटं होत असणार, असं मला वाटायचं. तेव्हा बाई त्यांचं तोंड पुसत असेल.

त्या रविवारी मेघा मॅडम शाळेतल्या पाच-सहा मुलींना घेऊन मला पाहायला आल्या. गलबला ऐकून पार्वतीबाईही रुख्माबाईंचा हात धरून आत आल्या. काळा चष्मा काढला आणि माझ्या कडेला टेकून उभ्या राहिल्या.

त्या ज्या तऱ्हेने मला पाहत होत्या, तसं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. इंजिनाकडे त्यांनी नजरही टाकली नाही. उमरेडच्या टोकाला वाकल्या आणि बोट न लावता, हवेतच बोट फिरवत म्हणाल्या, "हे बोरीचं झाड. हे गोविंदाचं दुकान. अन् ही विहीर, हिचं पाणी मचूळ होतं वं रुख्मा, पिवाले नाही चालत होतं." नानाजींचा चेहरा फुलला. नऊ वर्षांच्या मेहनतीला खरा साक्षीदार मिळाला होता.

"घर बरोबर जमलं का, बाई?"

"दार थोडं मोठं झालं. बाबाले वाकून आत यावं लागे." मग त्या बराच वेळ मागाकडे पाहत राहिल्या. "बाबा असेच बसत. मान एका कुशीवर."

मुली वाट पाहत होत्या, म्हणून नानाजींनी नेहमीची गोष्ट सुरू केली. गाडीही सोडली. हे माहे बाबा, धोटा फेकू फेकू हात झिजले, हा मी, चौथीत होतो.

"अन् मी कुठी आहो, नाना?" पार्वतीबाईंनी विचारलं.

प्रश्न अगदी साधेपणाने विचारला होता. रागाने नाही. नजर नवी होती, म्हणून त्यांना वाटलं, आपल्यालाच दिसत नसेल.

नानाजींचं बोट हवेत राहिलं. "तू... तुही बनवाची राह्यली, बाई."

"राह्यली?" पार्वतीबाई हसल्या. "म्हशी बनवल्या त्वा तीन."

मुली खुदकन हसल्या. त्यांतली एक, गुलाबी स्वेटरवाली, म्हणाली, "आजी, तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"इथंच ना, माय." पार्वतीबाईंनी रिकाम्या रहाटाकडे बोट केलं. "इथी बसून कांड्या भरत होती. आई वारली होती आमची. स्वयंपाक, धुणं, कांड्या, सारं मीच. सातवी पास होती मी. मास्तरीण व्हाच्या ट्रेनिंगले फारम भरला होता, उमरेडच्याच शाळेत परीक्षाही देल्ली होती. पण नाव नाही आलं माहं. डोस्कंच नव्हतं तेवढं. ह्याचं डोस्कं चालत होतं, हा शिकला."

हे त्यांनी लाजून, कौतुकानेच सांगितलं. भावाच्या पाठीवर हात ठेवून.

नानाजींनी बटण बंद केलं. गाडी दुसऱ्या पुलावर मधोमध थांबली. मेघा मॅडमना काहीतरी जाणवलं असावं. त्या मुलींना म्हणाल्या, "चला गं, उशीर झाला."

पुढचे दोन दिवस नानाजी माझ्याकडे आले नाहीत. गाडी पुलावरच उभी होती. गच्चीवर येऊन ते बाईंच्या डोळ्यात औषध टाकत आणि माझ्या दाराकडे पाठ करून खाली जात.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते बाईंना घेऊन आत आले. रुख्माबाई खाली झोपल्या होत्या. नानाजींनी प्लास्टिकचं स्टूल पुढे केलं.

"बस, बाई."

"आता काय दाखवतं?"

नानाजी उभेच राहिले. माझी कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. 

"बाई, तुहं नाव आलं होतं."

"कायचं नाव?"

"ट्रेनिंगचं. नागपूरचं. पत्र आलं होतं."

पार्वतीबाई स्टुलावर बसल्या. मग नानाजी एका दमात बोलत गेले, पाठ केलेला धडा म्हणावा तसं. साठ वर्षं तो पाठच केलेला असणार.

टपाल छोट्या गाडीनेच यायचं. त्या दिवशी नऊ वर्षांचे नानाजी फलाटावर खेळत होते. पोस्टमन ओळखीचा, त्याने लिफाफा त्यांच्याच हातात दिला. नुकतंच झरझर वाचता येऊ लागलं होतं, त्याची मोठी ऐट होती. धावत घरी गेले. बाई नदीवर धुणं घेऊन गेली होती. रामाजींना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, वाच. पोराने मोठ्याने वाचलं. छापील यादी होती, मुलींच्या नावांची. पार्वती रामाजी बारापात्रे. रामाजींचा हात धोट्यावर थांबला. म्हणाले, पुन्हा वाच. पोराने पुन्हा वाचलं.

"मंग बाबा म्हणाले, नाना, बाईले हे सांगू नोको. नाव नाही आलं म्हणून सांग. ती गेली त घर कोण पाहीन? कांड्या कोण भरन? तुही शाळा कशी चालन? लिफाफा त्यायनं खड्ड्यात पायाखाली टाकला. तू धुणं घेऊन आली. डोक्यावरून पाणी निथळत होतं. दारातूनच इचारलं, पत्र आलं का रे? बाबा मान खाली घालून बसले होते, बाई. ते काही बोललेच नाही. मी बोललो. म्हटलं, आलं. तुहं नाव नाही त्याच्यात."

पत्र्यावर एक खारूताई पळाली. 

"तुहा फारम भरून देणारे मास्तर बदलून गेले होते. त्याच्यानं तुले कोणी सांगितलं नाही," नानाजी म्हणाले. "मी लहान होतो, असं मी मनाले सांगत आलो. पण पंधरा वर्षांचा झालो तेव्हाही नाही सांगितलं. नोकरी लागली तेव्हाही नाही. तुह्या लग्नातही नाही. मंग वाटलं, आता सांगून काय होते."

पार्वतीबाईंचा नवा डोळा त्यांच्यावर स्थिर होता. मला वाटलं, आता ओरडतील, माझ्यावरचं घर उचलून फेकतील. मी तयार होते.

त्यांनी विचारलं, "कितवं होतं?"

"काय?"

"नाव. यादीत कितवं होतं?"

नानाजींना आठवायला वेळ लागला नाही. "चौथं."

"चौथं," पार्वतीबाई म्हणाल्या. मग पुन्हा, जरा हळू, "चौथं." त्या उठल्या. उठताना आधारासाठी हात टेकला तो नेमका कुहीच्या स्टेशनवर. छप्पर खाली बसलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. एकेक पायरी उतरत त्या खाली गेल्या.

त्यानंतर पाच दिवस त्या नानाजींशी बोलल्या नाहीत.

औषध मात्र चुकलं नाही. ठरल्या वेळी त्या खाटेवर बसत, चष्मा काढत, मान मागे टाकत. नानाजी थेंब टाकत. "जळजळ होते का, बाई?" उत्तर नाही. "मिट आता." त्या मिटत. दिवसातून सहा वेळा त्यांना आपला डोळा त्याच माणसाच्या हाती द्यावा लागत होता. मी दारातून पाहायचे. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटे.

नानाजींनी रुख्माबाईंनाही सांगितलं. तूर डाळ वाळत घालता घालता त्यांचे हात थांबले. "अहो, मलेही नाही सांगितलं कधी?" आणि मग, "आता सांगून तिचं तरी काय भलं केलं?"

"माहीत नाही," नानाजी म्हणाले.

मलाही माहीत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. फळीवर पडून राहणाऱ्याला दुसरं काय काम?

एका दुपारी नणंद-भावजय उन्हात मेथी निवडत बसल्या होत्या. पार्वतीबाई आपणहून बोलू लागल्या. "रुख्मा, सारी उमर मी स्वतःले ढ समजत आली वं. भूपेश लहान होता, तं त्याच्या पुस्तकाले कधी हात नाही लावला. म्हटलं, आपल्याले काय समजते. गावातल्या बाया म्हणत, बाई तुमी आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष व्हा. मी मागं सरत होती. सही कराले सांगितली का हात कापे माहा." त्यांनी एक काडी मोडली. "बाबावर राग धरू तं ते गेले. त्यायचंही खोटं नव्हतं, घर कोण पाह्यलं असतं? अन् ह्याच्यावर धरू म्हणते, तं मले हा नऊ वर्षांचा दिसते. चड्डी फाटलेली. काय करू सांग?"

रुख्माबाईंनी मेथीची जुडी त्यांच्याकडे सरकवली.

सहाव्या दिवशी पार्वतीबाई एकट्याच आत आल्या. नानाजी कुहीच्या छपराला गोंद लावत होते. बहिणीला पाहून ते गडबडले. त्यांनी टेबलावरून काहीतरी उचलून तळहातावर पुढे धरलं. खणातल्या चौघींपैकी ती नव्हती. त्यांनी नवीन कोरली होती. रहाटाशी बसलेली, एक हात मुठीवर, एक हात सुतावर. यावेळी नाकही छान जमलं होतं.

"हे पाह्य, बाई. लावतो आता. तुही जागा रिकामीच होती."

पार्वतीबाईंनी बाहुली चष्म्याजवळ नेऊन पाहिली. परत त्यांच्या हातावर ठेवली.

"ही नोको. तिथंच बसली ना मी, सारी जवानी. आता लाकडातही तिथंच बसवतं का?"

"मंग कुठी बसवू?"

"गाडीत."

नानाजी भांबावले. त्यांच्या नियमाचं मला माहीत होतं, बाईंना नव्हतं. ते हळूच म्हणाले, "पण बाई, तू तर... जे झालं नाही ते मी याच्यावर ठेवत नाही. तू गाडीत गेली नव्हती."

"नव्हतीच गेली." पार्वतीबाई स्टुलावर बसल्या. "एक डाव खोटं बोलला ना रे तू? माह्यासाठी एक खोटं अजून कर."

त्यानंतर तीन दिवस माझ्या खोलीत जे चाललं, तसं नऊ वर्षांत चाललं नव्हतं. पार्वतीबाई स्टुलावर बसून सांगत आणि नानाजी करत. लुगडं जांभळं, काठ लाल. पत्र येण्याआधी, ट्रेनिंगला जाण्यासाठी बाबांनीच विणून ठेवलं होतं तसं. पायाशी पत्र्याची पेटी. पेटीवर पितळी कडी. "केस एवढे पांढरे कायले करून राहिला? सोळाची होती मी." डब्याचं छप्पर नानाजींनी सुटं केलं आणि खिडकीजवळ जागा केली. बोलणं एवढंच होत होतं. काठ जाड झाला, पेटी लहान कर. साठ वर्षांबद्दल एक शब्द नाही.

शनिवारी सकाळी गाडी उमरेडच्या फलाटाला लागली. नानाजींनी चिमट्याने त्या मुलीला उचलून खिडकीत बसवलं, छप्पर लावलं आणि बटणाकडे हात नेला.

"सरक तिकडे," पार्वतीबाई म्हणाल्या. "मी चालवते."

नानाजी बाजूला झाले. बाईंच्या बोटांना सांध्यांच्या गाठी आहेत. त्या बोटांनी बटण इतकं हळू फिरलं की इंजिन आधी नुसतं गुणगुणलं. मग गाडी सुटली. बोरीचं झाड गेलं. मातीचं घर गेलं. मागावरचे रामाजी मान एका कुशीवर घेऊन बसलेच होते.

"हळू, बाई. वळण आहे तिथी."

"माहीत आहे मले."

पूल, नाला, म्हशी. कुही, ताज्या गोंदाच्या छपराची. दुसरा पूल. माझ्यावरून हजारदा गाडी गेली असेल, पण मी त्या दिवसासारखी सावध कधीच पडून राहिले नाही. एकेक जोड मी घट्ट धरून ठेवला होता. एरवी चार मिनिटांत संपणाऱ्या वाटेला बाईंनी अकरा मिनिटं लावली. इतवारी आली. गाडी थांबली.

"उतरव तिले."

नानाजींनी छप्पर उचललं, मुलीला फलाटावर उभं केलं, शेजारी पेटी ठेवली. पार्वतीबाई वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी बटण उलटं फिरवलं. रिकामी गाडी मागे मागे उमरेडला परत गेली.

नानाजी भिंतीकडे तोंड करून रडत होते. सदुसष्ट वर्षांचा माणूस, खांदे हलत होते. "बाई, माफ कर मले."

पार्वतीबाईंनी विचार केला. खरोखरच केला, मी त्यांचा चेहरा पाहत होते.

"पाहू," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढत दाराकडे निघाल्या. "चाल. औषधाची वेळ झाली."

पहिला थेंब गालावर पडला. नानाजींना नीट दिसतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भूपेश येऊन आईला घेऊन गेला. जाताना पार्वतीबाई माझ्याकडे आल्या नाहीत; त्या दिवशी गुडघे धरले होते, आणि सोळा पायऱ्या. आता रविवारी त्यांचा फोन येतो. रुख्माबाई तो आवाज मोठा करून गच्चीवर ठेवतात, म्हणून मलाही ऐकू येतो. परवा त्या सांगत होत्या की नातीला, गुंजनला, त्या गणित शिकवायला बसतात. दहा गणितं घातली, आठ बरोबर आली, दोन चुकली, "ते दोन माहेच चुकले होते." आणि हसल्या. नानाजींशीही बोलतात. माफीचा विषय दोघांपैकी कुणी काढत नाही.

माझ्याकडे अजून माणसं येतात. पुरुष इंजिनाचा वेग विचारतात. बाया विचारतात, इतवारीच्या फलाटावर पेटी घेऊन उभी आहे ती कोण? मग नानाजी सगळं सांगतात. पत्र कुणी वाचलं, खोटं कुणाच्या तोंडून गेलं, सगळं. एक गृहस्थ म्हणाले, "नानाजी, घरातल्या गोष्टी कशाला बाहेर काढता? मूर्ती बसवली तेवढं पुरे." नानाजी म्हणाले, "मूर्ती खोटी आहे, साहेब. ती गाडीत बसलीच नव्हती. हे नाही सांगितलं त तुमाले वाटन, गेली होती."

मी आता जुनी होत चाललेय. भुशाचं गवत पिवळं पडलंय, पावसाळ्यात पत्रा एका कोपऱ्यात गळतो, इंजिन वळणावर ठिणग्या टाकतं. नानाजींनंतर मला कोण चालवणार, ठाऊक नाही. मुलगा संजीव पुण्याला असतो. तो चांगला आहे, पण त्याच्या फ्लॅटमध्ये चौदा फुटांची भिंत नाही. एखाद्या दिवशी माझे तुकडे होतील, आणि त्याचं मला फारसं दुःख नाही. रूळ कुणाच्या तरी कामी येतील, कोळसा मातीत जाईल.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी तिथे असलात तर एवढंच सांगते. इंजिन घ्या, पूल घ्या, म्हशी मुलांना द्या. फलाटावरची ती मुलगी आवरून ठेवताना मात्र चुकून उमरेडच्या घराच्या खोक्यात टाकू नका. तिला इतवारीतच राहू द्या. नागपुरात तिला काम आहे.